सगळ्यांसमोर अपमान करणारा बॉस नुसता कडक म्हणायचा की हा छळ आहे? तक्रार कुठे करायची?

चूक झाली म्हणून ओरडतो तो कडक. तुमची चूक व्हावी म्हणून टपून बसतो तो छळणारा. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

२०१८ ची गोष्ट. भोसरी एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला होतो, अकरा वर्षं झालेली. नवीन जीएम आले आणि त्यांनी नियम काढला, खरेदीची सगळी बिलं आधी त्यांच्या टेबलावर. आता थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची २० तारखेला आणि बिलांचा गठ्ठा ह्यांच्या ड्रॉवरमध्ये. १२ ला मागा, "बघतो". १५ ला मागा, "दिसत नाही का मीटिंग चालूये". १९ ला संध्याकाळी सहाला गठ्ठा यायचा. बिलं सोडून रिटर्न भरलं की खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट बुडवलं म्हणून बोलणी, थांबलं की उशीर केला म्हणून. रिव्ह्यूत बाकी सगळे बसलेले आणि मी उभा. एकदा एक दिवस उशीर झाला, लेट फी ५० रुपये आणि वर व्याज, तर त्या ५० रुपयांवर पाऊण तास. "कॅल्क्युलेटरचे सेल गेले वाटतं." तेव्हापासून माझं नावच कॅल्क्युलेटर. हसणाऱ्यांत रोज माझ्यासोबत डबा खाणारा पण होता, त्याचा राग जीएमपेक्षा जास्त आहे, अजून आहे.

पण खरं लागलं ते चहाचं. चार वाजता पोरगा ट्रे घेऊन यायचा, एके दिवशी माझ्या टेबलापाशी जरा थांबला आणि पुढे गेला. वाटलं विसरला. दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी जिन्यात हळूच म्हणाला, "काका, साहेबांनी सांगितलंय, तुम्हाला नंतर." ते नंतर कधी आलंच नाही. आता तक्रारीत काय लिहिणार, चहा मिळत नाही?

थोरल्या भावाला सांगितलं तर तो हसला. एसटीत होता, डेपोत. "साहेब आहे, बोलणारच. आम्ही काय कमी शिव्या खाल्ल्या? तू हळवा आहेस." अरे पण तुमच्या पाठीशी युनियन होती! आमच्याकडे खाली शॉपफ्लोअरवर ह्याच जीएमची एका ऑपरेटरला अरे-तुरे करायची हिंमत नव्हती, मशीनी बंद पडल्या असत्या. वरच्या मजल्यावर आम्ही स्टाफ, आमचं कोण?

तक्रारीचं म्हणाल तर एचआरकडे गेलो होतो, अर्ध्या तासात जीएमला कळलं. एचआर कंपनीचं असतं, तुमचं नाही. नुसत्या टोमण्यांसाठी, मानसिक छळासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. २०१३ चा पॉश कायदा आहे तो बायकांसाठी आणि लैंगिक छळापुरता. तुम्ही बाई असाल आणि बोलणं त्या वळणाचं असेल तर मात्र थांबू नका, तीन महिन्यांच्या आत लेखी द्या, दहा माणसं असली की अंतर्गत समिती ठेवावीच लागते, त्याहून छोटं ऑफिस असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल आणि जातीवरून बोलत असेल तर अ‍ॅट्रॉसिटी.

बाकीच्यांनी निदान तोंडी सगळं मेलवर आणा. "सर, १२ तारखेला बिलं मागितली होती, आज १९ आहे," बस. मी हे शेवटच्या चार महिन्यांत केलं आणि बिलं १४ ला यायला लागली. चहा नाही आला. मग सोडली नोकरी. दादा म्हणाला, पळाला.

हां, ओरडणारा प्रत्येक साहेब असा नसतो. माझे आधीचे साहेब मार्चएंडला फाईल फेकायचे आणि रात्री स्वतःच्या पैशाने वडापाव मागवायचे. आणि हप्ते चालू असतील तर दुसरं काही हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नका, मी पाच महिने घरी बसलो होतो.

गेल्या दिवाळीत दादाच्या मुलाने हिंजवडीतली नोकरी चार महिन्यांत सोडली. "टीम लीड सगळ्यांसमोर फार बोलायचा रे त्याला," दादा सांगत होता. मी म्हटलं, साहेब आहे, बोलणारच. भाऊबीजेपर्यंत माझ्याशी बोलला नाही.