गेमिंगची पदवी आणि स्टुडिओचे दार

‘मुलगा गेम डिझाइनच्या पदवीला आहे, पण शिकवणाऱ्यांपैकी कोणीही स्टुडिओत काम केलेले नाही, मग फी भरत राहायची, की पदवी सोडायला लावून एखादा कोर्स लावायचा?’ पुण्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्यातील एक प्रकरण, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

मुलगा दुसऱ्या वर्षाला होता. त्याने आणलेल्या फाइलमध्ये कार्यशाळांची आणि पाहुण्यांच्या व्याख्यानांची प्रमाणपत्रे नीट लावलेली होती. “यातले खेळून बघता येईल असे काय आहे?” असे विचारल्यावर त्याने लॅपटॉप उघडून यूनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला एक अर्धवट गेम दाखवला, जो शिक्षकांखेरीज कोणीही पाहिलेला नव्हता. कॉलेजने एखाद्या कंपनीशी सामंजस्य करार केला की सगळे मार्गी लागेल, असे वडिलांना वाटत होते. माझा अनुभव वेगळा आहे. सह्या होतात, फोटो निघतात, वर्षातून एक व्याख्यान होते. विद्यार्थ्याने केलेले काम मात्र पाहुण्याच्या नजरेखालून जातच नाही.

अमेरिकेत रेडमंड येथील डिजिपेन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ हा गेम प्रकल्प म्हणून केला, संस्थेच्या रोजगार मेळाव्यात तो व्हॉल्व्ह या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांच्या पाहण्यात आला, कंपनीने त्या मुलांना कामावर घेतले आणि त्याच कल्पनेतून २००७ मध्ये ‘पोर्टल’ हा गेम आला. हे उदाहरण सांगताच वडील म्हणाले, “मॅडम, ते अमेरिकेत.” आक्षेप रास्त होता. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे प्रत्यक्ष क्षेत्रात काम केलेल्यांना शिकवायला नेमण्याची, सोय केली आणि त्यासाठी पीएचडीची अट ठेवली नाही, परंतु किमान १५ वर्षांचा अनुभव मागितला असल्याने, आपल्या तरुण गेम क्षेत्रातील बरीच हुशार माणसे त्यात बसत नाहीत. म्हणून पदावर नेमणूक होण्याची वाट न पाहता, स्टुडिओतील माणसाला मुलांच्या कामापाशी आणावे, असे मी सुचवले.

मुलाने वर्गमित्रांना जमवले आणि विभागप्रमुखांच्या परवानगीने शहरातील काही स्टुडिओंतल्या लोकांना पत्रे पाठवली. पहिल्या मसुद्यात ‘विद्यार्थ्यांना मार्गदर्शनपर दोन शब्द सांगावेत’ असे होते. ते काढून ‘आमचे तीन अपुरे गेम आहेत, प्रत्येकाला दहा मिनिटे लागतील, शनिवारी येऊन खेळून बघाल का?’ असे लिहिले. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. एक लेव्हल डिझाइनर, म्हणजे गेममधील टप्पे रचणाऱ्या बाई, मात्र आल्या. त्या खेळायला बसताच मुलगा शेजारी उभा राहून समजावू लागला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवले आणि त्या एका बंद दारापाशी बराच वेळ अडकून राहिल्या, कारण किल्ली मागच्या खोलीत आहे हे गेममध्ये कुठेच सूचित होत नव्हते. “गेम विकल्यावर प्रत्येकाच्या शेजारी तू उभा राहणार आहेस का?” एवढेच त्या म्हणाल्या. मुलाने त्यानंतर तो भाग पूर्ण नव्याने बांधला आणि त्यांनी तो पुन्हा खेळून पाहिला. पुढे या मुलांनी ग्लोबल गेम जॅममध्येही भाग घेतला; ठरावीक वेळात गेम बनवण्याचा हा उपक्रम २००९ पासून दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस जगभर होतो.

पदवी सोडू नये, असाच सल्ला मी दिला. बंगळुरूच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) डिजिटल गेम डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे ठरले, तरी पदवी लागतेच. शिवाय सोबत्यांचा असा गट कोर्समध्ये सहसा मिळत नाही. वडील अजूनही कॅम्पस प्लेसमेंटबद्दल विचारतात. स्टुडिओला बहुधा एका वेळी मोजकीच माणसे हवी असतात, त्यामुळे मोठ्या आयटी कंपन्यांसारखी सरसकट भरती इथे अपेक्षू नये, हे मी त्यांना सांगितले आहे. ते त्यांना अद्याप पूर्णपणे पटलेले नाही.