तापल्यावर पाणी फुगतं हे सहावीच्या वर्गाला कमी खर्चात कसं दाखवावं?

इंजेक्शनची रिकामी काचेची बाटली आणि जुनी पारदर्शक रिफील, एवढ्यात काम होतं. साताऱ्याजवळच्या शाळेत मी दरवर्षी हेच करते. बाटली शाई टाकलेल्या पाण्याने काठोकाठ भरा, बुचातून रिफील खोचा, फट एम-सीलने बुजवा (मेण नको, वितळतं) आणि गरम पाण्याच्या वाटीत ठेवा. पाणी आधी किंचित खाली जातं, कारण काच आधी तापून फुगते. मग सरसर चढतं. २० वरून ६० अंशांपर्यंत पाणी साधारण दीड टक्का वाढतं, म्हणजे १० मिलीमागे ०.१५ मिली. बारीक नळीत तेवढंही ठळक दिसतं. मात्र आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. हवा कितीतरी जास्त फुगते आणि मुलं पाहतात ते तिचं प्रसरण. खोबरेलही चालेल, पण डिसेंबरात आपल्याकडे ते सकाळी थिजलेलंच असतं.