मेंदूतल्या मायक्रोग्लिया सिनॅप्स खातात म्हणून अल्झायमर होतो का?

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या साफसफाई करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, आणि सिनॅप्स म्हणजे दोन मेंदूपेशींमधला संदेश पोचवणारा जोड. त्या हे जोड खातात हे खरंय, पण एकट्या त्यांच्यावर खापर फोडू नका. लहानपणी जास्तीचे सिनॅप्स काढून टाकणं हे मायक्रोग्लियाचं नेहमीचंच काम आहे. २०१६ मध्ये न्यूरोसायंटिस्ट बेथ स्टीव्हन्सच्या टीमने अल्झायमरच्या उंदरांमध्ये दाखवलं की सी१क्यू नावाचं प्रोटीन सिनॅप्सवर चिकटतं, मग मायक्रोग्लिया तो सिनॅप्स गिळतात, आणि हे प्लाक (अल्झायमरमध्ये मेंदूत होणाऱ्या प्रोटीनच्या गुठळ्या) साचायच्या आधीच सुरू होतं.

ह्या 'आधीच'वरून आमच्या घरात वर्षानुवर्षं भांडण झालंय. आईचा पहिला एमआरआय आला, त्यात वयोमानानुसार बदल एवढंच लिहिलेलं, झालं, धाकट्या काकांनी तेच धरून ठेवलं. जन्मभर पुरणपोळ्या केलेली बाई, त्या होळीला पुरणात गूळ घातला, थोड्या वेळाने परत घातला, आणि मग पुरणयंत्राचं हँडल हातात धरून मला विचारते, हे कुठल्या बाजूने फिरवायचं गं? आणि काका पानावर बसून सांगतायत, रिपोर्ट नॉर्मल आहे, वहिनींचं हल्ली लक्षच नसतं कशात. आई खाली मान घालून वाढत होती.

अहो, साध्या एमआरआयमध्ये सिनॅप्स दिसतच नाहीत! न्यूरोपॅथॉलॉजिस्ट रॉबर्ट टेरी वगैरेंनी १९९१ मध्येच पेशंटच्या मृत्यूनंतर मेंदू तपासून सांगितलं होतं की बुद्धी किती ढासळली ह्याचा मेळ प्लाकपेक्षा सिनॅप्स किती गेले ह्याच्याशी जास्त बसतो. त्यामुळे रिपोर्ट दाखवून घरच्या माणसाला आळशी, नाटकी ठरवणाऱ्यांचं अजिबात ऐकून घेऊ नका.

आता मायक्रोग्लिया बंदच करून टाकायच्या का, तर नाही. त्याच पेशी प्लाकला वेढून आवरूनही धरतात, ट्रेम२ जीनमध्ये काही ठरावीक बदल असले की अल्झायमरचा धोका वाढतो हे २०१३ मध्ये कळलं, आणि तो जीन मेंदूत मुख्यतः ह्याच पेशींत काम करतो. अ‍ॅस्ट्रोसाइट्स ह्या मेंदूतल्या मदतनीस पेशींचंही तसंच, ग्लुटामेट हे संदेश पोचवणारं रसायन आवरायचं काम त्यांचं आणि मेंदूतलं बरंचसं एपीओई हे चरबी वाहून नेणारं प्रोटीनही तेच बनवतात, त्याचा ई४ प्रकार असला की धोका जास्त. आणि हो, वरचं सी१क्यूचं काम उंदरांवरचं आहे, माणसात तस्संच होतं असं धरून चालू नका.

प्रत्येक विसरणं अल्झायमर नसतं, बी१२ आणि थायरॉइड आधी तपासा. पण ते ठीक निघूनही रोजची कामं अडत असतील तर न्यूरॉलॉजिस्टकडे नीट मेमरी टेस्ट करून घ्या, आणि घरात जो कोणी 'काही झालेलं नाही' म्हणतोय त्यालाच सोबत न्या, डॉक्टर काय म्हणतात ते त्याच्या कानांनी ऐकू दे.