वाचनालयाची वेबसाइट सुरू करण्याआधी

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या जुन्या वाचनालयाची वेबसाइट वर्डप्रेसवर तयार होत आली आहे. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, उद्घाटन करायचं ठरलंय. शताब्दी स्मरणिकेतला इतिहास आणि दुर्मीळ ग्रंथांची यादी छपाईच्या जुन्या डीटीपी फाइलींतून घेताना अक्षरांचा नुसता कचरा होतो, म्हणून मुलांनी पानांचे फोटोच टाकले आहेत. सभासदांची यादी मोबाइल नंबरांसकट दिली आहे. आणखी काय बघून घ्यावं?
- कार्यवाह, सांगली जिल्हा

उत्तर : नमस्कार. सगळ्यात आधी पानांचे ते फोटो वेबसाइटवरून काढून टाका. तुमच्याकडची खरी दौलत ती ग्रंथयादीच आहे. उद्या नागपूरचा एखादा अभ्यासक फोनवर ग्रंथाचं नाव टाकून शोधेल, तेव्हा फोटोतलं नाव त्याच्या हाती लागेलच याची काही खात्री नाही. अंध वाचकाचा फोनही त्याला ते पान नीट वाचून दाखवेलच असं नाही. पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखंच!

अक्षरांचा कचरा होतो, कारण त्या जुन्या फॉन्टमध्ये 'क'च्या आकारामागे संगणकासाठी इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक असतो. तो फॉन्ट नसला की मूळ चिन्हंच दिसतात. मजकूर आधी फॉन्ट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आणा आणि मग छापील स्मरणिका शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास जागा सोडतात: जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. गावातले एखादे निवृत्त मराठीचे शिक्षक हे काम आनंदाने करतील. १५ तारखेपर्यंत सगळी यादी झाली नाही तरी चालेल. सर्वांत जुनी शंभर पुस्तकं बिनचूक द्या, बाकीची मागाहून चढवा. चुकांनी भरलेली पूर्ण यादी मात्र नको.

सभासदांची यादी वेबसाइटवरून आजच काढून टाका. ते नंबर लोकांनी पुस्तकं नेण्यासाठी दिलेत, जगाला दाखवायला नाही.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे? पोरांनी हौसेने स्वतःच्या ईमेलवर घेतलं असेल, तर ते वाचनालयाच्या नावावर आणि वाचनालयाच्याच ईमेलवर करून घ्या. डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना त्याच ईमेलवर येते. कार्यकारिणी बदलते, पोरं नोकरीला पुण्याला जातात आणि एक दिवस वेबसाइटचा पत्ता हातातून निसटतो. असं होताना मी पाहिलंय, फार जीव तुटतो.

फोनवरून घेतलेले कार्यक्रमांचे फोटो चार-पाच एमबीचे असतात. ते दोनशे केबीच्या आत आणा, म्हणजे पान पटकन उघडेल. वेबसाइटच्या पत्त्याआधी 'एचटीटीपीएस' (https, सुरक्षित जोडणीची खूण) येतंय ना, तेही बघा. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, पण त्याचं नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करून घ्या.

वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' या पानावर गुगलसारख्या सर्च इंजिनांना मज्जाव करणारी एक चौकट असते. काम चालू असताना तिथे खूण करतात आणि ती काढायची राहून जाते. ते पान स्वतः उघडून बघा आणि खूण असेल तर काढा.

आणि डोमेन नव्या होस्टिंगला, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवली आहे त्या सर्व्हरला, जोडायचं काम उद्घाटनाच्या सकाळवर ठेवू नका. नेमसर्व्हर (डोमेन कुठे जोडलंय हे सांगणारे सर्व्हर) बदलले की तो बदल सगळीकडे पोचायला ४८ तासही लागू शकतात. १२ तारखेला जोडा, १४ला दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवरून, वाचनालयाचं वायफाय बंद ठेवून, उघडून बघा.