आलोचना, टीका आणि डोळ्यातले मुसळ

इंदूरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनासभेच्या पत्रकात ‘विरोधकांच्या आलोचनेला प्रार्थनेने उत्तर द्या’ असे छापले आहे, ते मराठी बरोबर आहे काय?

नाही. दोष काढणे या अर्थी ‘आलोचना’ ही हिंदीची उसनवारी आहे आणि इथल्या मराठी घरांतून ती सर्रास ऐकताना दर वेळी खटकते. त्या अर्थी मराठी शब्द ‘टीका’. पण हिंदीत ‘टीका’ म्हणजे लस, आणि तो शब्द ऐकताच ज्या शहरात आधी लस आठवते, तिथे पत्रक लिहिणाऱ्याने तो शब्द टाळला असावा. पण म्हणून चूक बरोबर ठरत नाही.

शब्दाचे मूळ मात्र फार सुंदर आहे. ‘लोच्’ म्हणजे पाहणे. ‘लोचन’ त्याच धातूपासून आले. आलोचना म्हणजे नीट न्याहाळणे, आणि जैन परंपरेत तर गुरूसमोर स्वतःचे दोष उघड करण्यालाच हे नाव आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 7व्या अध्यायात येशू हेच सांगतो, की भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला जाण्याआधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढावे.

ही म्हण बायबलातूनच मराठीत आली, असे काही जाणकार ठामपणे सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. मूळ ग्रीक शब्द ‘दोकोस’ म्हणजे घराची तुळई. म्हणूनच हिंदी बायबलात ‘तिनका’ आणि ‘लट्ठा’ आहेत. म्हण भाषांतरातून जन्मली असती, तर आज आपण डोळ्यातली तुळई म्हटले असते. भाषांतरकाराने केवळ यमकासाठी मुसळ आणले, हा युक्तिवादही दुबळा आहे, कारण कणसाचे कुसळ खळ्यावर खरोखरच डोळ्यात जाते आणि मुसळ त्याच धान्याच्या कांडणाला लागते. असे जोडशब्द लेखणीतून नव्हे, शेतातून येतात. माझ्या मते भाषांतरकाराने लोकांच्या तोंडची जोडी उचलली, आणि ते फार चांगले केले.

आता पत्रकाकडे वळू. मत्तयाच्या 5व्या अध्यायात प्रार्थना करायला सांगितली आहे ती छळ करणाऱ्यांसाठी. पेत्राच्या पहिल्या पत्रात, निंदा होत असताना ख्रिस्ताने उलट निंदा केली नाही, असे म्हटले आहे. यरुशलेमची भिंत बांधताना, ‘कोल्हा चढला तरी ती ढासळेल’ अशी विरोधक टोबीयाची कुचेष्टा ऐकून, ते काम करवून घेणाऱ्या नहेम्याने देवाला हाक मारली, नंतर पहारे बसवले आणि बांधकाम चालू ठेवले. छळ, निंदा, कुचेष्टा यांपैकी एकीलाही टीका म्हणता येत नाही. टीका खरी असू शकते, आणि खऱ्या टीकेपुढे विश्वासणाऱ्याने करायची प्रार्थना विरोधकासाठी नसून आपलाच दोष दिसावा यासाठी असते. त्या प्रार्थनेला आलोचना म्हणायला माझी मुळीच हरकत नाही.

तेव्हा पत्रकात ‘विरोधकांच्या निंदेला’ असे छापावे. ‘टीका’ ठेवायचीच असेल, तर ‘उत्तर द्या’ काढून ‘टीका प्रार्थनापूर्वक तपासून पाहा’ असे लिहावे.