युगांडाच्या खेड्यात व्हॉलंटियर म्हणून राहताना दिवस कसा जातो?

तुम्ही विचारलंय की वर्षभर आफ्रिकेतल्या खेड्यात व्हॉलंटियर म्हणून जायचा विचार आहे तर तिथला रोजचा दिवस कसा असतो. आफ्रिका केवढी मोठी, मी फक्त उत्तर युगांडातलं सांगू शकते. गुलू शहरापासून बरंच आत एका अचोली (तिथल्या लोकांचं आणि त्यांच्या भाषेचं नाव) गावात मी 11 महिने शाळेत गणित शिकवत होते.

खरं सांगू का, निम्मा दिवस पाण्यातच जातो. पहाटे अंधारातच 20 लिटरचा पिवळा जेरीकॅन घेऊन हापशावर जायचं, तोवर रांग लागलेलीच असते. पहिल्या दिवशी तो हापसा बघून मला भरूनच आलं कारण तो अगदी आमच्याकडचाच, इंडिया मार्क टू, ज्याचं डिझाइन 1970 च्या दशकात सोलापूरच्या पंपावरून पुढे आलं आणि मी बार्शीकडची! दांडा मारायची सवय होती, पण भरलेला जेरीकॅन डोक्यावर उचलणं काही जमेना. शेजारच्या मेगोनं (मेगो म्हणजे आई, मोठ्या बायकांना तसंच म्हणतात) कमरेचं कापड सोडून त्याची चुंबळ केली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि हनुवटीला बोट लावून मान सरळ केली. एक शब्द बोलली नाही. मान सरळ राहिली की वजन पाठीत उतरतं हे तेव्हा कळलं.

आणि रांगेत उभं राहून नुसतं पाणी भरून यायचं नसतं, प्रत्येकीला "इत्ये निनिंग?" विचारायचं, म्हणजे कशी आहेस, मग घरच्यांचं, पोरांचं, शेताचं. मला आधी वाटायचं शाळेला उशीर होतोय, पण ज्या दिवशी मी घाईत न बोलता गेले त्या दिवशी संध्याकाळी तीन घरांतून विचारणा झाली की मी आजारी आहे का.

शाळेत चौथीच्या वर्गात नव्वदच्या वर पोरं. तिथे तिसरीपर्यंत मातृभाषेत शिकवतात आणि चौथीत शिकवणं इंग्रजीतून सुरू होतं, त्यामुळे गणित येणारं पोरसुद्धा प्रश्न न समजल्यामुळे अडतं. म्हणून मी अचोलीतले आकडे आधी शिकले, मग माझे उच्चार दुरुस्त करायला सगळा वर्ग ओरडायचा आणि मग शिकवणं सुरू व्हायचं. पालकांपैकी बऱ्याच जणांचं बालपण सरकार आणि बंडखोरांमधल्या युद्धामुळे छावण्यांत गेलंय, 2006 नंतर लोक हळूहळू गावी परतले, तेव्हा त्याबद्दल आपण होऊन काही विचारू नका. सांगायचं असलं तर संध्याकाळी शेंगा फोडताना ते स्वतः सांगतात.

जेवणाची काळजी करू नका हो. तिथे जिला 'काल' म्हणतात ती आपली नाचणीच, तिचं घट्ट उकडलेलं क्वोन हातानं मोडून खायचं. आणि मलाक्वांग नावाची आंबट पालेभाजी, चवीला थेट आंबाडी, फक्त वर तीळ-शेंगदाण्याचं वाटण (ओडी) घालतात. मी पहिला घास घेतला आणि आजीच आठवली.

अवघड काय, तर डिसेंबर ते मार्च. पाऊस नसतो, त्यातच आमचा हापसा बंद पडला आणि नऊ दिवस लांबच्या झऱ्यावर जावं लागलं. मला वाटलं मी पैसे देऊन टाकते, पण पाणी कमिटीच्या बाई नको म्हणाल्या, घरटी वर्गणी काढली, मेकॅनिक सायकलवर आला, पाइप वर ओढायला गावातली पंधरा-वीस माणसं लागली. मी पैसे दिले असते तर पुढच्या वेळी सगळे माझीच वाट बघत बसले असते, हे त्या बाईंना माझ्याआधी दिसलं होतं.

तयारीचं म्हणाल तर यलो फीव्हरची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्या, लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड परत येताना भारतातही बघतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, मच्छरदाणीत रोज झोपा. घरी फोन रात्री 8 च्या आत करत जा, तिथे 8 म्हणजे इथे साडेदहा, आई जागी राहते.