रात्री दोनला जाग येते, मग झोप नाही

प्रश्न : कापूस घरात पडून आहे, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. रात्री दोनला जाग येते, छाती धडधडते. काय करावं?
– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असाल तर आधी तो बघा. तंबाखूतलं निकोटीन ठोके वाढवतं. टेन्शन उतरल्यासारखं वाटतं, पण भागते ती तलफ. झोपण्याआधी २ तास तो नको, दुपारी ४ नंतर चहाही नको. जाग आलीच तर ४ मोजत श्वास घ्या, ६ मोजत सोडा, ५ मिनिटं. सोडणं लांबलं की ठोके मंदावतात. भराभर जोरात घेतला तर उलट चक्कर येते. तरी झोप नसेल तर उठून ओसरीत बसा, मोबाईलविना.

कर्जाचा हिशेब अंथरुणात नको. संध्याकाळी १५ मिनिटं वहीत लिहा: कोणाचे किती, कधीपर्यंत, उद्या कोणाला भेटायचं. नुसतं ‘बघू’ लिहिलं तर तोच विचार रात्री परत येतो.

छातीत दुखून घाम फुटला तर त्याला ताण समजू नका, १०८ बोलवा. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर आजच घरच्यांना सांगा आणि १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन लावा, मोफत आहे. फवारणीचं औषध घरातून हलवून शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा.